भिंतीपलीकडचे पंखे

व्हेनेराने वांग्याचे काप तेलात सोडले आणि लगेच आच बारीक केली. तळणाचा आवाज वाढला की भिंतीपलीकडचा आवाज त्यात बुडून जायचा, आणि तो बुडाला की तिचं कशातच लक्ष लागायचं नाही. झारा हातात तसाच धरून तिने मान तिरकी केली. येत होता. घुमल्यासारखा, एका लयीत. चिरीनोच्या कॉम्प्युटरचे पंखे चालू होते. म्हणजे चिरीनो टेबलाशी बसला होता. ठीक होता.

घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. गावामागच्या ज्वालामुखीच्या डोंगराने पहाटेपासून पुन्हा राख टाकायला सुरुवात केली होती. गच्चीवर, अंगणातल्या लिंबांवर, दोरीवर विसरलेल्या टॉवेलवर काळे बारीक कण सारखे टपटपत होते. त्यात ऑगस्टचा उकाडा. खिडक्यांच्या फटींना ओली फडकी खोचून व्हेनेरा घामाने निथळत उभी होती.

चिरीनो राहायचा त्या तोरिनो शहरातल्या दवाखान्यातून फोन आला तो हिवाळ्यात. फोनवरची बाई हळू आवाजात बोलत होती, आणि त्या हळू आवाजावरूनच व्हेनेराला काय ते कळलं. ती स्वतः जाऊन मुलाला घेऊन आली. गाडीत तो सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसला होता. घरी पोहोचल्यावर विचारू, असं तिने ठरवलं. घरी आल्यावर वाटलं, आधी दोन घास पोटात जाऊ देत. मग ते विचारायचं राहूनच गेलं. चिरीनोने खोलीचं दार लोटून घेतलं. आत तो काही करून बसेल या भीतीने त्या दाराची किल्ली तिने आधीच काढून ठेवली होती, तरी दार ढकलून आत जायचा तिला धीर होईना. ती ताट बाहेर ठेवी, अर्धवट खाल्लेलं उचलून नेई. स्वतःची खाट तिने स्वयंपाकघरात आणून भिंतीला लावली होती. रात्री जाग आली की ती भिंतीला कान लावी, पंखे ऐके आणि कूस बदलून झोपी जाई.

काप उलटत असताना भिंतीपलीकडचा आवाज चढला. चढत चढत शिट्टीसारखा बारीक झाला आणि तुटला.

व्हेनेराने गॅस बंद केला. काहीच ऐकू येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, पाऊल नाही. तेलकट हात तसेच घेऊन ती दाराशी गेली.

"चिरीनो?"

तिने कोपराने दार वाजवलं.

"चिरीनो, अरे बाळा..."

"आहे गं, आई," आतून आवाज आला. "मशीन तापून बंद पडलं."

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

त्या दिवसभरात ते आणखी काही वेळा बंद पडलं. दर वेळी व्हेनेरा हातातलं काम टाकून धावे, आणि दर वेळी तिने दार वाजवायच्या आतच पलीकडून तो म्हणे, "आहे गं." त्यामुळे तिला बरं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत तिला घासही गिळेना.

सकाळी तिने ओरात्सिओला बोलावून घेतलं. ओरात्सिओ तिचा धाकटा भाऊ. सगळा जन्म वीजमंडळाच्या नोकरीत गेला होता, आणि निवृत्त झाल्यापासून गावातल्या कुणाचंही बिघडलेलं काहीही दुरुस्त करायला तो एका पायावर तयार असे. तो आला तो छत्री झटकतच.

"काय ताई, डोंगर तुझ्यावरच रुसलाय का? आमच्या गल्लीत याच्या निम्मी राख नाही."

"हळू बोल. तो आत आहे."

"आत आहे म्हणून काय झालं? भाचा आहे तो माझा, बिशप नव्हे." त्याने दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता उघडलं. "चिरीनो, ऊठ. पेशंट बघायला डॉक्टर आलाय."

व्हेनेरा उंबऱ्याशीच उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती खोली तिला पुरती दिसत होती. चिरीनो पलंगावर उठून बसला होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. मशीनचा डबा टेबलाखाली पार भिंतीला चिकटला होता.

"हा बघा," ओरात्सिओ गुडघ्यांवर बसत म्हणाला, "भिंतीला पाठ लावून बसलाय, पाद्र्यापुढे पापं कबूल करायला बसल्यासारखा. मागून गरम हवा बाहेर पडणार कुठून?"

त्याने डबा वीतभर पुढे ओढला. मग कागदी रुमालाची पट्टी फाडून पुढच्या जाळीसमोर धरली. पट्टी त्याच्याकडे उडाली. मागे धरली, तीही त्याच्याकडेच उडाली.

"पुढचा पंखा कुणी बसवला?"

"मी," चिरीनो म्हणाला.

"उलटा बसवलाय गाढवा. दोघेही बाहेर फेकतायत. आत हवा कुणी घ्यायची, पोपने? मग ती आपली मिळेल त्या फटीतून घुसते, राखेसकट."

चिरीनोच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. व्हेनेराने तो हललेला पाहिला आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

मशीन बंद करून ओरात्सिओने डब्याचं झाकण काढलं. आत सगळं काळं झालं होतं. व्हेनेरा ओलं फडकं घेऊन पुढे झाली तसा तो ओरडला, "पाणी नको! चिखल होईल. आणि पुसूही नकोस, काचेसारखी ओरखडते ही राख." रंगाच्या कोरड्या ब्रशने तो एकेक पातं साफ करू लागला. पातं फिरू नये म्हणून चिरीनोने ते बोटाने धरून ठेवलं. मामा-भाचे डोक्याला डोकं लावून बराच वेळ बसले होते. शेवटी पुढचा पंखा काढून सुलटा बसवला, आणि चिरीनोने मशीन चालू केलं.

"दिवसरात्र चालवतोस तरी काय यावर? अणुबॉम्ब?" ओरात्सिओने पडद्याकडे बघितलं. आपोआप सुरू झालेल्या, मशीनला नुसतं राबवत ठेवणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रॅमचे आकडे तिथे भराभर पळत होते. त्याने ते वाचले, मग चिरीनोकडे बघितलं, मग पलीकडच्या भिंतीकडे. पुढचा विनोद काही त्याच्या तोंडून आला नाही. "हे बंद कर," तो एवढंच म्हणाला. जाताना दारात थांबून त्याने भाच्याच्या मानेवर हात ठेवला. "आणि वारा फिरलाय, राख समुद्राकडे चाललीय. खिडकी उघड, दारही उघडं टाक. कोंडलेल्या खोलीत पंखे नुसता उकाडाच फिरवत बसतात."

दुपारी जेवून व्हेनेरा खाटेवर आडवी झाली. सवयीने तिने भिंतीला कान लावला.

काहीच नाही.

मशीन दुरुस्त झालंय, म्हणून आवाज नाही, असं तिने स्वतःला समजावलं. मग वाटलं, पण बंदच असेल तर? आणि तो? ती धडपडत उठली आणि वळली तर चिरीनो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"चालू आहे," तो म्हणाला. "आता आवाज येत नाही ना, म्हटलं तू घाबरशील. म्हणून सांगायला आलो."

व्हेनेरा खाटेच्या कडेवर बसली. "तुला कुणी सांगितलं, मी ऐकते म्हणून?"

"खाट भिंतीला लावलीस तेव्हाच कळलं."

"अरे, मग तुझं ते काम, रात्री-बेरात्री..."

"काम कुठलं, आई?" तो खाली बघत होता. "मशीन बंद केलं की तू दाराशी येऊन उभी राहायचीस. खालच्या फटीतून तुझी सावली दिसायची. रात्र रात्र उभी असायचीस. मग मी ते उगाच जोरात चालवत ठेवायला लागलो. मी आपला पडून असायचो."

व्हेनेरा त्याच्याकडे बघत राहिली. तो आवाज ऐकून, सारं ठीक आहे म्हणून, ती किती रात्री निवांत झोपली होती! आणि त्या रात्री हा हातभर अंतरावर अंधारात डोळे उघडे ठेवून पडून होता. काहीतरी खायला दे, बर्फाचा गार ग्रानिता कर, लिंबं आण, असं नेहमीप्रमाणे मनात आलं. ती उठली नाही.

"चिरीनो," ती म्हणाली, "तोरिनोत काय झालं होतं रे?"

त्याने वळून आपल्या खोलीकडे बघितलं. आता तो जाईल, असं तिला वाटलं. तो नळाशी गेला, पाण्याचे दोन पेले भरले, एक तिच्यापुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसला.

"पहिल्यापासून सांगू?"

"सांग."