हातावरचा वळ

त्या घरात सगळं वेळच्या वेळी व्हायचं, आणि ते कोणामुळे होतं हे चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी सहाला सासऱ्यांचं अंग पुसायचं, आठला औषध, दर दोन तासांनी कूस बदलायची. पक्षाघातानं म्हाताऱ्याची उजवी बाजू लुळी पडलेली, नवरा जहाजावर आणि नणंद फोनवर. फोनवरून सेवा करण्यात नणंदेचा हात धरणारं कोणी नव्हतं! "वहिनी, बाबांच्या पाठीला पावडर लावलीत ना?" लावली हो बाई, लावली. रोजच लावते.

दोन वर्षांत सुनेनं एक दिवस चुकवला नव्हता. पण त्या खोलीत ती कामाशिवाय कधी दोन मिनिटं टेकलीही नव्हती. काम उरकायचं, दार ओढून घ्यायचं, पुढच्या कामाला लागायचं. आपलं जरा कुठे चुकलं की देव तोंड फिरवणार, ही तिची लहानपणापासूनची धास्ती. आता देवाला काय दुसरे उद्योग नाहीत? पण धास्तीला कोण समजावणार!

त्या रविवारी उपासना आटोपून पाळक घरी येणार होते, अंथरुणावरच्या माणसाला प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थना करून भाकर आणि द्राक्षरस, द्यायला. सकाळपासून तिची नुसती धावपळ चालली होती. फरशी पुसली, पलंगावर नवी पांढरी चादर घातली, म्हाताऱ्याची दाढी केली. पाहुणे यायला दहा मिनिटं होती, तेवढ्यात पटकन सूप पाजून घ्यावं म्हणून ती वाटी घेऊन बसली. घाईत फुंकर घालायची राहिली. म्हाताऱ्याचं तोंड पोळलं आणि त्यानं सूप भस्सकन थुंकलं, थेट नव्या चादरीवर.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हातातला चमचा तिनं सपकन सासऱ्यांच्या हातावर मारला. तोही चांगल्या हातावर, त्यांना राहिलेल्या एकुलत्या एक हातावर.

म्हातारा जन्मभराचा गवंडी. जीभ अशी तिखट, की मुकादमसुद्धा लांबून बोलायचा. पण आज त्यानं एक शब्द काढला नाही. नुसतं तिच्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. तिनं डागावर रुमाल टाकला, हातावर पांघरूण ओढलं आणि दार उघडायला गेली.

पाळक आले, पाळकबाई आल्या, शाळेतल्या मास्तरीणबाईही आल्या. मास्तरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि सुरू केलं, "काय ही स्वच्छता! अहो, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आम्ही मुलींना तुमचंच उदाहरण देतो." सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हातारा आत्ता तोंड उघडेल, संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत बोभाटा होईल, नणंदेचा फोन येईल. आणि वरून बघणाऱ्याला तर सांगायचीही गरज नव्हती.

पाळकांनी प्रार्थना केली. लहानसा डबा उघडून त्यांनी भाकरीचा तुकडा आधी तिच्यापुढे धरला. तिनं मान हलवली. "मला नको आज."

पाळक जरा थबकले. मग तोच तुकडा घेऊन पलंगाकडे वळले. "आजोबा, हात पुढे करा."

पांघरुणातून हात बाहेर आला. त्यावर लालभडक वळ.

"अगंबाई! हे काय लागलं?" पाळकबाई पुढे झाल्या.

पलंगाच्या कडेवर हात आपटला, हे उत्तर तिनं तयारच ठेवलं होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण समोर पाळकांच्या हातात ती भाकर होती, आणि खोटं काही केल्या बाहेर पडेना.

"मी मारलं," ती म्हणाली. "चमच्यानं. सूप सांडलं म्हणून. गरम मीच दिलं होतं, आणि मारलंही मीच."

मास्तरीणबाईंचा हात तोंडाकडे गेला. पाळकांनी घसा खाकरला, आता उपदेश येणार हे उघडच होतं. सून स्वयंपाकघराकडे निघाली.

"थांब." म्हातारा बोलला. त्याचे शब्द जड यायचे, एकेक करून. "पाळकसाहेब, जरा गप्प बसा. ऐक, पोरी. मी एकदा पिऊन भिंत बांधली. पडली ती. माझ्या जोडीदाराचा पाय मोडला. मी तोंड लपवून घरात बसलो. महिन्यानं तोच दारात आला, कुबड्या घेऊन. वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाला, चल, नवं काम आलंय, तुझ्याशिवाय सुरू करायचं नाही." त्यानं दम घेतला. "पुढे तीस वर्षं माझी एक भिंत वाकडी गेली नाही. मुकादमाला भिऊन नाही. जोडीदार मला न्यायला आला होता म्हणून."

पाळकांच्या हातातला तुकडा त्यानं घेतला, अंगठ्यानं मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

"बाबा, माझी लायकी नाही."

"लायकी बघून वाटायचं असतं तर पाळकांना आज घरीच बसावं लागलं असतं. माझ्याकडे तर आलेच नसते. घे लवकर, हात दुखतोय माझा."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तुकडा घेतला तिनं. पाळकांनी उपदेश गिळला आणि दोघांना द्राक्षरस दिला. शहाणा माणूस!

पाहुणे गेल्यावर तिनं चादर बदलली, वळावर मलम लावलं आणि सवयीनं दाराकडे वळली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?"

दोन वर्षांत तिनं हे कधी विचारलंच नव्हतं.

"बस जरा," तो म्हणाला.

कोपऱ्यातली खुर्ची ओढून ती बसली. तिकडे भांडी तशीच पडली होती, कपडे भिजत होते, फोनही वाजून वाजून थांबला. ती त्या वळावर हात ठेवून बसली होती, आणि म्हाताऱ्याला झोप लागली तरी उठली नाही.