तेलाचं बोट

पान निघालं आणि शे-दीडशे माणसांचा श्वास एकदम अडकला.

तळ्याच्या काठी पितळेची मोठी परात. परातीत तळ्याचंच पाणी. पाण्यावर पिंपळाचं एक कोवळं पान. वारा नाही, कुणाचा हात नाही. तरी ते पान थरथरलं आणि सरळ मंजुळाबाईकडे सरकत जाऊन तिच्या बाजूच्या काठाला टेकलं.

"जिवंत आहे!" जलस्वामी गरजले. "माई, तुझं लेकरू जळदेवीनं ओटीत झाकून ठेवलंय! एक्केचाळीस दिवस पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहा. देवी ओटी सोडील, पोरगं दारात येईल! पण खबरदार! तोवर तळ्यात होडी नको, पोहणं नको, हसणं-खिदळणं नको. आणि तेलकट हाताचा माणूस माझ्या परातीच्या दहा हात आत नको. तेल म्हणजे मोह! मोह शिवला की देवी मुकी!"

उदाच्या धुरात लोकांनी जयजयकार केला. मंजुळाबाईनं कपाळ मातीला टेकवलं. तिचा गोपीचंद तीन सालांमागं पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडं गेला. दोन पत्रं आली, मग एकही नाही. नवरा आधीच गेलेला. त्या घरात ती एकटी.

मी दहा हातांच्याही मागं उभा होतो. गावच्या देवळाची दिवाबत्ती माझ्याकडं, त्यामुळं माझी बोटं बारमाही तेलकट. शिवाय मला कीर्तनाचं वेड. कुरुंद्याला हरदास आला म्हटलं की मी ऊन-पाऊस न बघता चालत निघतो. म्हणून खरं तेच सांगतो, स्वामींचा आवाज ऐकून मीसुद्धा डोललो. चाल कीर्तनाची, ठेका कीर्तनाचा. फरक एवढाच, की हरदास शेवटी देवाचे पाय दाखवतो. हे महाराज स्वतःचे पुढं करत होते.

ही कोजागिरीची गोष्ट. एरवी आमच्या शिरड शहापूरकडच्या त्या तळ्यावर दसऱ्यानंतर माणसांचा मेळा असायचा. आवळीभोजनाला गाड्या जुंपून लोक यायचे. वांगी भाजली जायची, वडाला झोके बांधायचे, पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून पाण्यात उड्या टाकायची. इब्राहीमभाई आपल्या होडीतून सगळ्यांना मधल्या टेकाडापर्यंत फिरवून आणायचा. माझी बायको कालिंदी आणि मी दर साली जायचो. तिला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मी एकटाच होडीत बसायचो, आणि इब्राहीमभाई एक शब्द न बोलता मला फिरवून आणायचा.

आता होडी काठावर पालथी पडली होती. उन्हानं तिच्या फळ्या उलत होत्या. झोके सुटले होते. तळ्यावर टिटवी तेवढी ओरडायची.

विसाव्या दिवशी इब्राहीमभाई देवळाच्या पायरीशी आला.

"पंत, बाई मरून जाईल. पाण्यातून निघाली तर ओठ जांभळे पडलेले. खोकून खोकून वाकली. दिवाळीला अंगाला तेलाचं बोट लावलं न्हाई. म्या म्हटलं, माय, घरी चल. तर म्हणती, एकवीसच दिवस राहिले, भाई."

"तुमी गावाला सांगून बघा ना."

"माझं कोण ऐकतंय? म्हणतील, ह्याला होडीची पडली. तुमी देवळाचे माणूस. काहून गप बसून राहिले?"

मी देवळातल्या कपाटातून एक वाळलेलं पान काढलं. कोजागिरीला स्वामींनी ते चिखलात भिरकावलं होतं. मी प्रसाद म्हणून उचलून आणलं होतं. आता नीट पाहिलं. देठाशी बारीक चीर. चिरेत पांढुरका डाग. नाकाशी नेलं. वास पुसट होता, पण आयुष्यभर आरती केलेल्या माणसाला तो वास कुणी सांगावा लागत नाही.

कापूर.

दुपारी घरी आलो. कालिंदीची परात काढली, पाणी ओतलं, पिंपळाच्या पानाला चीर देऊन कापराचा कण अडकवला आणि सोडलं. पान जागचं हललं नाही. म्हणजे देवीच खरी?

मग माझ्या बोटांकडं लक्ष गेलं. तेल! महाराजांचा तेलावर एवढा राग काहून, ते आत्ता कळलं. परात राखेनं घासली, हात राखेनं घासले, पाणी बदललं, नवं पान सोडलं. निघालं की! टोक जिकडं करावं तिकडं. पाच वेळा सोडलं, पाचही वेळा गेलं.

सहाव्या वेळी, का ते सांगता येत नाही, मी पानाचं टोक माझ्याकडं केलं आणि हळूच म्हटलं, "कालिंदी?"

पान आलं. माझ्या छातीसमोरच्या काठाला टेकून थांबलं.

तिला मी स्वतः अग्नी दिला होता. कापूर मी स्वतः लावला होता. तरी मी त्या परातीपाशी कितीतरी वेळ बसून राहिलो. सगळं ठाऊक असून माझी ही गत, तर त्या माउलीची काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेनं हात घासून मी तळ्यावर जमलेल्या लोकांतून वाट काढत स्वामींच्या परातीपुढं जाऊन बसलो. मंजुळाबाई ओल्या लुगड्यानं कुडकुडत शेजारी होती.

"स्वामी, माझी मंडळी, कालिंदी नाव. बरेच दिवस झाले, घरात नाही. कुठं असेल?"

स्वामी परगावचे. त्यांनी डोळे मिटले, पान सोडलं. पान माझ्याकडं आलं.

"जिवंत आहे! रुसून माहेराकडं गेली आहे. फाल्गुनाच्या आत येऊन तुझ्या तुळशीला पाणी घालील!"

तिला खांदा देणारे चौघेही समोरच बसले होते. त्यातला सोनाजी डोकं खाजवत म्हणाला, "महाराज, पंतांच्या बाईंना आणूनच राहिले तर संगं आमच्या आजीलाबी आणा. तिलाबी जाऊन लई दिवस झाले!"

हशा पिकला. स्वामी ओरडले, "नास्तिक! देवीची परीक्षा बघतोस?"

"नास्तिक कसा, महाराज? देवापुढं रोज दिवा मीच लावतो. हे बघा, त्याच दिव्याचं तेल."

मी कमरेची तेलाची बुधली काढली आणि तीत बोट बुडवून परातीच्या पाण्याला लावलं. "आता सोडा पान."

ते सोडीनात, म्हणून त्यांच्यासारखाच देठाच्या चिरेत कापूर लावून, सगळ्यांना दाखवून, मीच सोडलं. ढिम्म हललं नाही. मग परात घासून घेतली, ताजं पाणी भरलं आणि कापूर लावलेलं नवं पान मंजुळाबाईच्या हाती दिलं. तिनं सोडलं. पान सुरसुर निघालं, मात्र तिच्यापासून दूर.

"टोक तिकडं होतं, बाई. दुसरं काही न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मग माझा गोपी?"

"मला ठाऊक न्हाई, मंजुळाबाई. पानालाबी ठाऊक न्हाई."

याहून कठीण वाक्य मी जन्मात बोललो नाही. ती रडली नाही. इब्राहीमभाईनं आपली घोंगडी तिच्या अंगावर टाकली आणि तिला घरी पोचवलं. महाराजांनी दुपारच्या आत वसमतची वाट धरली. परात न्यायचंही भान राहिलं नाही.

पुढं हिंगोलीच्या एका मास्तरांनी मला समजावलं. पाण्याच्या पाठीवर ताण असतो. कापूर विरघळतो तिथं तो ढिला पडतो, पुढचा ताण तसाच राहतो, आणि हलकं पान पुढं ओढलं जातं. तेल पसरलं की सगळीकडचाच ताण ढिला. मग पानाला ओढायचं कुणी?

मंजुळाबाईचा ताप उतरला, पण ती माझ्याशी बोलेना. मी तिच्या घरातली शेवटची सोबत काढून घेतली होती. आवळीभोजनाच्या दिवशी मी होडीत बसलो, तर ती येऊन दुसऱ्या टोकाला बसली. इब्राहीमभाईनं होडी हाकारली. टेकाडापाशी आल्यावर ती म्हणाली, "पंत, वाट मी अजून बघते. पण घरात बसून, कोरड्या लुगड्यानं."

श्रोतेहो, देव मानू नका असं मी सांगत नाही. मी मानतो, सांजेला तेल घालतो. पण जो म्हणतो 'हात लावू नका, जवळ येऊ नका', त्याच्या परातीत आधी बोट घाला. खऱ्या देवाला तेलाचं भय नसतं.