सोड्याच्या बाटलीचा वाचादोष

"फुंक बाळ, फुंक! सगळा वाचादोष नळीतून बाहेर येऊ दे!"

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली दाटीवाटीनं बसलेले केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, मागं गावाकडून आलेले त्यांचे आईबाप आणि स्टेजवर भगवी शाल, कॉलरला माइक नि गुलाबी पाण्याचे पेले घेऊन श्रीशैल महाराज. मंगळवारी कंपन्यांच्या मुलाखती होत्या. पोरांना आकडेमोड येत होती, तोंड उघडत नव्हतं. त्यासाठी विजयमाला बाई वर्षभर 'तांत्रिक संवादकौशल्य' शिकवत होत्या. पण शिकायला मेहनत लागते, फुंकायला लागत नाही. म्हणून विभागप्रमुखांनी हा 'वाचाशुद्धी सोहळा' ठेवला होता.

मी कॉलेजचा हिशेबनीस. अशा ठिकाणी कोण काय ठेवून जातो आणि कोण काय घेऊन जातो, एवढंच बघायची मला खोड.

"जिभेला सात गाठी असतात," महाराज सांगत होते. "हे सरस्वतीचं जल. गाठ सुटली की रंग विरतो. परदेशातले शास्त्रज्ञ बघून थक्क झाले!"

कोणते शास्त्रज्ञ, कुठल्या देशातले, हे कुणी विचारलं नाही. थक्क व्हायचं काम परदेशावर सोपवलं की आपण टाळ्या वाजवायला मोकळे.

पोरं एकेक करून नळीतून फुंकत होती, पेल्यातला रंग विरत होता. आता गंमत बघा. हाच रंग या पोरांनी प्रयोगशाळेत कितीदा आणला आणि कितीदा घालवला होता! पण तिथं अंगात पांढरा एप्रन असतो. इथं उदबत्ती होती. एप्रन खुंटीला टांगताना अक्कलही शेजारीच टांगायची, ही शिस्त आमच्याकडं फार कडक आहे.

मग सिद्धेश्वरी आली. मंद्रूपची पोरगी. अभ्यासात पहिली, पण चार माणसांसमोर घसा सुकायचा. फुंकून फुंकून तिचे गाल लाल झाले. पाणी होतं तसंच गुलाबी.

महाराजांनी डोळे मिटले. "दोष खोल आहे. आजपासून महिनाभर मौन. मध्ये बोललीस तर जीभ कायमची जड होईल."

आईबापांच्या पहिल्या रांगेतून तिची आई निंगव्वा उठली. "महाराज, मुलाखतीपुरतं तरी बोलू द्या की. लई कष्टानं शिकलीय."

"माउली, नोकरी मोठी की जीभ?"

निंगव्वानं हात जोडले आणि लेकीला म्हणाली, "गप ऱ्हा पोरी. पुढच्या वर्साला बघू."

सिद्धेश्वरीनं मान हलवली. वर्षभराची मेहनत एका पेल्यात बुडाली, तीही टाळ्यांच्या गजरात.

तेवढ्यात विजयमाला बाई उभ्या राहिल्या. "एक मिनिट. संगमेश, आत्ता फुंकून आलास ना? काय दिसलं ते सांग."

संगमेश गोंधळला, थांबला आणि एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "मॅडम, फिनॉल्फ्थॅलिन! अल्कलाइन मीडियम! सीओटूनं न्यूट्रलायझेशन होऊन एंड पॉइंट..."

आईबाप एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. महाराज पक्के. दोन्ही हात वर करून ओरडले, "बघा! गाठ सुटली! काय फाडफाड इंग्रजी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिचारा खरं बोलला आणि महाराजांच्या खात्यावर जमा झाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचा एक तास असतो, पोरं त्याला 'आईचा तास' म्हणून खिदळतात. कारखान्यातली एखादी प्रक्रिया घरी फोन करून आईला सांगायची. आईला ती आपल्या शब्दांत परत सांगता आली, तरच गुण. त्या तासाला सिद्धेश्वरीचे गुण कधी गेले नव्हते.

"सिद्धेश्वरी, आई तर समोरच बसलीय. फोनसुद्धा नको. सांग."

"बोललीस तर जीभ..." महाराज गरजले.

"अव्वा," ती म्हणाली. आवाज फाटका होता, पण होता. "तुझी चुन्याची डबी दे."

निंगव्वाचा हात कमरेला गेला नि तिथंच थांबला. "बोलू नगंस ग!"

"बोलले की. जीभ हाय जागेवर. डबी दे."

निंगव्वानं डबी काढून दिली. बाईंनी डाव ओळखून कॅन्टीनमधून सोड्याची बाटली मागवली. सिद्धेश्वरीनं आपल्या हट्टी पेल्यात सोडा ओतला. रंग गायब.

"महाराज, बाटलीच्या पण सात गाठी सुटल्या का?" तिनं विचारलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "बसवा तिला मुलाखतीला!"

सिद्धेश्वरी आईकडं वळली. "अव्वा, ह्या पाण्यात चुना हाय. आणि आमच्या प्रयोगशाळेतलं एक औषध. चुना असला की ते गुलाबी दिसतं. सोड्याच्या बुडबुड्यात जो वायू असतो, तोच आपल्या श्वासातनं बाहेर पडतो. तो चुन्याला मारतो. चुना मेला की रंग गेला." डबीतला बोटभर चुना तिनं पेल्यात ढवळला. पाणी पुन्हा गुलाबी. "बघ, दोष आला परत. तुझ्या डबीतनं."

"मग मघाशी तुझा रंग का न्हाई गेला?" निंगव्वानं विचारलं. सगळ्या सोहळ्यातला हा पहिला शहाणा प्रश्न.

"माझ्या पेल्यात चुना जास्त घातलेला. सगळेच बरे झाले तर पुढच्या शिबिराला कोन येणार?"

महाराजांनी शाल सावरली. "श्रद्धा नसेल तिथं जल काम करत नाही."

"सोड्याची कुठली श्रद्धा हुती, महाराज?" निंगव्वा म्हणाली. मग सभागृहाकडं तोंड करून तिनं सगळं परत सांगितलं: चुन्याचं पानी, फुंकर, चुना मेला, रंग गेला. एकही शब्द अडला नाही. बाईंनी सिद्धेश्वरीला पैकीच्या पैकी गुण जाहीर केले. महाराज मागच्या दारानं सटकले, पण कॉलरचा माइक चालूच होता. त्यांची शेवटची अमृतवाणी सर्वांनी ऐकली: "गाडी काढ लवकर, गाडी काढ!" विभागप्रमुख बराच वेळ आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचत होते.

मंगळवारी सिद्धेश्वरी मुलाखतीला बसली. अडखळली, घोटभर पाणी प्यायली, पुन्हा बोलली. साधंच पाणी. घाबरणं हा दोष नव्हे. बोलायची सवय नसते, ती बोलूनच लागते. त्याला जल नाही, नळी नाही.

तुमच्यापुढं कुणी चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. डोळ्यांना काय दिसलं ते आपल्या आईला कळेल अशा शब्दांत सांगून बघा. निम्मा चमत्कार सांगतानाच विरतो आणि उरलेला आईच्या पहिल्या प्रश्नाला. आणि जो कुणी तुम्हाला गप्प राहा म्हणेल, त्याचा पेला आधी तपासा.