अंबोचा थांबा

पुरिंग माग्बानुआला मत मागायची कधी लाज वाटली नाही. राजधानीत खासदार म्हणून जाण्यापूर्वी ती मालिबासच्या सरकारी दवाखान्यात सुईण होती, आणि आजच्या मतदारांपैकी कितीतरी जणांना तिनेच पाय धरून उलटं टांगून पहिल्यांदा रडवलं होतं. प्रचारसभेत कोणी फारच आवाज चढवला की ती माइकवरून म्हणायची, "बस खाली. तुला मी बिनकपड्यांचा पाहिलाय. तेव्हाही तू असाच केकाटत होतास." सभा हसायची, तो खाली बसायचा, आणि बहुतेक वेळा मतही तिलाच द्यायचा.

आता तिची खासदारकीची तिसरी आणि शेवटची खेप चालू होती. चौथी कायद्यानेच मिळत नाही. जाण्यापूर्वी तिला एकच विधेयक पास करून घ्यायचं होतं: लोकांच्या पैशातून बांधलेल्या कुठल्याही वस्तूवर पुढाऱ्याचं नाव नको, जिवंत असो की मेलेला. तिच्या देशात पुढाऱ्यांना नावाचा भारी सोस. पुलावर नाव, बास्केटबॉलच्या खांबावर नाव, शाळेच्या नळावर नाव. एका महाभागाने तर कचऱ्याच्या डब्यांवर आपला हसरा चेहरा छापून घेतला होता, आणि लोक त्याच्या तोंडात केळीची सालं टाकत होते.

पुरिंगचा राग मात्र जुना होता आणि घरातूनच सुरू झाला होता. तिचे वडील अंब्रोसिओ, म्हणजे सगळ्या गावाचे अंबो, मालिबासचे मेयर होते. ते निवडणूक हरले तेव्हा नव्या मेयरने पहिलं काम काय केलं, तर अंबोचं नाव खोडून आपलं घालायला गावची एकुलती एक रुग्णवाहिका रंगाऱ्याकडे पाठवली. त्याच आठवड्यात एका बाईला वाटेतच कळा आल्या. पुरिंगने तिला समुद्राकाठच्या वळणावरच्या थांब्याच्या शेडमध्ये, बाकावर, दोन माशाच्या टोपल्यांमध्ये मोकळी केली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण पुरिंग तेव्हापासून पाट्यांवरच्या नावांवर खार खाऊन होती.

दोन खेपा सभागृहाने विधेयक हसण्यावारी नेलं. या वेळी ते चर्चेला आलं, मतदान सोमवारी व्हायचं ठरलं, आणि गुरुवारी बर्नाबे तुगोनन नावाचे ज्येष्ठ खासदार उठले. त्यांच्या नावाचे सात पूल होते. त्यांनी मोठ्या पडद्यावर एक फोटो लावला. तोच थांबा, तीच शेड, आणि कपाळावर निळ्या पट्टीवर हातभर पांढरी अक्षरं: मेयर अंब्रोसिओ माग्बानुआ.

"बाईंनी आधी आपलं अंगण झाडावं," तुगोनन म्हणाले, आणि सभागृह खो खो हसलं.

पुरिंगचं डोकं फिरलं. "शनिवारी ते नाव तिथे नसेल," ती माइकवर म्हणाली. सगळे टीव्हीवाले ते थेट दाखवत होते. खाली बसल्यावर तिला आठवलं की ती अक्षरं दरवर्षी कोण रंगवतं.

तिची आई कोन्सिंग ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मृतांच्या सणाआधी गावातले सगळेच आपापल्या कबरी धुऊन रंगवतात. कोन्सिंगही नवऱ्याची कबर पांढरी करायची, पण तिचं खरं काम त्यानंतर असायचं. डब्यात उरलेला रंग घेऊन ती मुलीच्या गाडीतून वळणावर यायची आणि शेडवरची अक्षरं नवी करायची. "तो काय त्या कबरीत पडून राहणार?" ती म्हणायची. "त्याला चार माणसांत बसायची सवय. असला तर इथेच असेल." मेयर म्हणून अंबोच्या हातून फार काही झालं नव्हतं. पण ही शेड झाली होती, आणि इतकी वादळं येऊन गेली तरी तिचा पत्राही हलला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी पुरिंग सेक्रेटरी रेनांतेला घेऊन घरी पोचली. दारातच पांढऱ्या रंगाचा नवा डबा ठेवलेला होता.

"या मॅडम," आई म्हणाली. "बसा. संसदेतून कोणीतरी येणार असं टीव्हीवर ऐकलं होतं."

"नानाय, नेहमी पोरीला 'इंदाय' म्हणतेस, आज मॅडम काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? माझी पोर बापाचं नाव पुसायला आली नसती. तुम्ही जेवून आला असाल. घरात भात नाही."

या घरात भात संपल्याचं पुरिंगने जन्मात ऐकलं नव्हतं. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण वाफेने थडथडत होतं. तिने सुक्या माशाचा एक तुकडा नुसताच चघळला, आणि ती ओसरीवर जाऊन बसली. रेनांते हुशार पोरगा. तो हळूच तिच्या कानाशी लागला.

"मॅडम, तुमच्या घरात डुकरिणीची एक गोष्ट सांगतात ना? ती विकून वडिलांनी शेड बांधली म्हणून? मग तो सरकारी पैसा झालाच नाही. खासगी वस्तूला आपलं विधेयक लागूच होत नाही. उद्या लोलांनी, म्हणजे आजींनी, पत्रकारांसमोर एवढंच सांगायचं. नावही राहील, विधेयकही राहील, आणि तुगोनन तोंडावर आपटतील."

पुरिंगने नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. आतून पातेली आपटल्याचा आवाज येत होता, आणि तिला आपली आई परत हवी होती.

शनिवारी सकाळी वळणावर जत्रा भरली होती. कॅमेरे आले होते, निळा रंग घेऊन रंगारी आला होता, तुगोननचा एक माणूस आला होता, आणि काय पुसतात ते बघायला उरलेलं गावही आलं होतं. कोन्सिंग बाकाच्या मधोमध मांडीवर पर्स घेऊन बसली. एका पत्रकार पोरीने माइक पुढे केला.

"लोला, ही शेड कोणाच्या पैशातून झाली?"

रेनांते आशेने पुढे वाकला. "लोला, ती डुकरीण," तो पुटपुटला.

कोन्सिंगने आधी त्याच्याकडे आणि मग मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुरिंगला एवढं उघडं पडल्यासारखं निवडणूक हरतानाही वाटलं नव्हतं. ती खाली वाळूकडे बघू लागली.

"डुकरीण विकली, ते खरं," कोन्सिंग म्हणाली. "माझी होती. विकताना मी रडले होते. अर्धे पैसे मजुरांच्या जेवणाला गेले आणि अर्धे अंबोने कोंबड्यांच्या झुंजीत घालवले. सिमेंट आणि पत्रे नगरपालिकेच्या ट्रकमधून आले. सगळ्या गावाने उतरवून घेतले. आता मला खोटं बोलायला लावू नका, उद्या सणाला मला त्याच्या कबरीवर जायचंय." ती उठली. "कुठाय तुमचा निळा रंग?"

रंगारी पुढे आला तसा तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "मी लिहिलंय, मीच पुसणार. तू स्टूल धर."

स्टूल मात्र पुरिंगने धरलं. अक्षरामागून अक्षर निळ्यात गेलं. शेवटच्या अक्षराशी म्हातारीचा हात थांबला. पुरिंगला रडू फुटलं आणि तिने ते कॅमेऱ्यांसमोर लपवलंही नाही. खालून आईचे पाय तेवढे दिसत होते, सुजलेले, लेकीच्या शब्दासाठी स्टुलावर चढलेले. मग तेही अक्षर गेलं. तुगोननचा माणूस तोवर निघून गेला होता.

खाली उतरल्यावर कोन्सिंग लेकीशी एक शब्द बोलली नाही. गाडीचं दार उघडून धरलेलं होतं, तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या गाडीवर संसदेची पाटी आहे," ती रेनांतेला म्हणाली. "मी पाट्यांच्या गाडीत बसत नाही आता." आणि तिने हात करून दफनभूमीकडे जाणारी जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांब जीप, थांबवली. पुरिंग गाडीतला पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन तिच्या मागोमाग चढली. दोघींनी कबर रंगवली. डब्यात थोडा रंग उरला. कोन्सिंगने त्यात एकदा डोकावून झाकण घट्ट लावलं.

परतीची जीपनी जेर्विनची होती. माशाच्या टोपल्यांमध्ये जन्मलेला तो हाच. लेक खासदार झाल्यापासून कोन्सिंग त्याच्या जीपनीत बसली नव्हती, तेव्हा त्याने तिला मानाने दाराजवळ बसवलं. बाजार उरकून निघालेली माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, सगळं ठासून भरलं होतं. वळण दिसू लागलं तशी कोन्सिंगने मान दुसरीकडे वळवली.

समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलीने वरच्या दांडीवर नाणं वाजवून ड्रायव्हरदादाला हाक मारली. "मानोंग, अंबोला थांबवा."

कोन्सिंगची मान परत फिरली. "काय म्हणालीस, बाळा?"

"अंबोला उतरायचंय, लोला."

"अंबो कोण?"

"कोणी नाही. थांबाच आहे तो. सगळे तसंच म्हणतात."

"आज त्यावर नाव कुठाय?"

"कधी होतं?" मुलगी म्हणाली आणि उडी मारून उतरली.

जेर्विन पुढून हसला. "लोला, तिथली पाटी कोण वाचतं? मला विचाराल कुठं जन्मलास, तर मी सांगतो, अंबोला. दवाखान्याच्या कागदावरही तेच आहे. पुरिंगबाईंनीच लिहिलंय."

पुरिंगला ते आठवतही नव्हतं.

जीपनी हलली. निळी कोरी पट्टी खिडकीतून मागे गेली. कोन्सिंगचे खांदे हलू लागले, आणि आई रडतेय असं वाटून पुरिंगने तिचा हात धरला. म्हातारी हसत होती. डोळे पुसून पुसून हसत होती.

"सोमवारी तुझ्या तुगोननला सांग," ती म्हणाली. "पाट्या पुसून काही होत नाही. लोकांच्या तोंडाला रंग फासायचा कायदा करा म्हणावं."

"सांगते, नानाय."

हात म्हातारीने सोडवून घेतला नाही.

"भात कालही होता, इंदाय," ती म्हणाली. "चल घरी."