मेहुण्याने सुचवलेली गिटार

माझा मेहुणा आयुष्यात कधी कुणाला काही सुचवत नाही. जेवताना काय वाढू विचारलं तर म्हणतो, "काहीही चालेल." सिनेमा कुठला बघायचा विचारलं तर, "तुम्ही म्हणाल तो." असा हा माणूस एके संध्याकाळी तालमीच्या खोलीत मोबाईल माझ्या नाकापुढे धरून म्हणाला, "भाऊजी, ही गिटार बघा. बाहेरच्या देशातून आलेली आहे. परवडण्यासारखी आहे आणि चांगली आहे. घेऊनच टाका." तेव्हाच मी मनात म्हटलं, इथे काहीतरी काळंबेरं आहे.

आमचा बँड म्हणजे घरचा कारभार. बायको गाते, तिचा हा धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवतो, आणि ड्रमवर आमचा एक जुना मित्र असतो. तो काडीसारखा आहे म्हणून त्याला आम्ही पैलवान म्हणतो. गिटार माझी. दर शनिवारी संध्याकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही वाजवतो. त्या हॉटेलाचा करार संपत आला होता आणि मॅनेजरने मेहुण्याकडे निरोप दिला होता, की गिटारचा आवाज कसातरीच येतो, लोक कुरकुरतात, येत्या शनिवारी तो स्वतः बसून ऐकणार आणि मग ठरवणार. निदान मेहुण्याने मला निरोप असा सांगितला. हॉटेल गेलं असतं तर बँडही गेला असता, कारण आम्हाला दुसरीकडे कोण विचारतंय?

आता माझ्या गिटारीबद्दल. तिला आम्ही तांबडी म्हणतो. लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे आहे. जिथे हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड दिसतं, आणि वजन म्हणाल तर शिवणाच्या मशीनएवढं. घरात कुणी तिला हात लावत नाही. आणि बँडची रीत अशी, की तारा सुरात मी लावायच्या, त्याही नुसत्या कानाने. मी मान हलवली की बाकीच्यांनी सुरू करायचं. मेहुण्याने मागे एकदा सूर दाखवणारा, चिमट्यासारखा एक ट्यूनर आणला होता, गिटारीच्या डोक्याला लावायचा. मी तो खिडकीतून भिरकावला. ज्याला सुराची खूण बघावी लागते त्याने वाजवू नये, हे माझं मत आणि ते मी सगळ्यांना ऐकवलेलं आहे.

तर मेहुणा म्हणाला घ्या, आणि बायको लगेच म्हणाली, "घ्या की. किती दिवस ते ओझं खांद्यावर वागवणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मी नवा टूथब्रश आणला तरी "जुन्याला काय धाड भरली होती?" असं विचारणारी बाई ही!

"बरं, घेऊ," मी मुद्दामच म्हणालो. "पण मग ही कशाला? ही दुसरी बघ, हिच्याहून स्वस्त आहे. दिसायला पण बरी आहे."

"नको," दोघं एकदमच म्हणाली.

"का नको?"

"तीच चांगली आहे," मेहुणा म्हणाला आणि उगाचच वायर गुंडाळायला लागला.

तीच का? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मेहुण्याच्या पायांत नवे बूट दिसले. विचारलं तर म्हणे जुने फाटले. फाटतात हो, बूट फाटतातच. पण नेमके आत्ताच कसे फाटले? दुकानदाराशी याचं काहीतरी साटंलोटं असणार, गिटार माझ्या गळ्यात मारली की याला काहीतरी मिळणार, असं मी मनाशी पक्कं केलं. बायकोला कशी गुंडाळली ते मात्र कळेना. मी ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून या माणसावर नजर ठेवायची.

आधी मी तांबडीला गुपचूप दुरुस्तीवाल्याकडे नेलं. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत उघडे अँप्लिफायर, स्पीकर आणि तारांची भेंडोळी यांतून बसायला जागा शोधावी लागते. त्याने एक डोळा मिटून गिटारीची मान सुतारासारखी निरखली, खुंट्या फिरवून पाहिल्या, आतला स्विच साफ केला.

"काही बिघाड नाही," तो म्हणाला. "मान सरळ आहे. आणखी बरीच वर्षं चालेल."

"मग आवाज कसातरी का येतो म्हणतात लोक?"

"लावून दाखवा बरं एकदा."

मी तारा लावल्या. छान लागल्या, एकदम गोड. त्याला एक सुरावट वाजवून दाखवली. तो ऐकत होता, पण बघत होता हातातल्या पेचकसाकडे.

"दादा," तो म्हणाला, "नवीन घ्या एखादी."

"अरे, आत्ता तर म्हणालास बिघाड नाही!"

"नाहीच. पण घ्या. हल्ली बाहेरून बऱ्या येतात."

घ्या! म्हणजे हाही फितवलेला! स्विच साफ केल्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने. फुकट काम करणारा दुरुस्तीवाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि माझी खात्रीच पटली की हे जाळं लांबवर पसरलेलं आहे.

शुक्रवारी दुपारी मी एकटाच दुकानात गेलो. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, मालच बघू. काउंटरवरच्या पोरीने ती गिटार काढून दिली. पांढरी, हलकी, गुळगुळीत. मी तिचं हाड न् हाड तपासलं. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का पाहिलं, सांध्यात भुसा भरून रंग मारलाय का पाहिलं, खुंट्या हलवून पाहिल्या. काही सापडेना. खोड सापडत नाही म्हटल्यावर माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. एवढी चांगली आहे तर एवढी स्वस्त कशी?

"काका, हिच्यात एक सोय आहे," पोरगी म्हणाली. "इकडे मानेच्या कडेला बारीक दिवे आहेत. तार छेडली की सूर चुकला असेल तर लाल, बरोबर असेल तर हिरवा."

"तारा लावायला दिवे!" मी म्हणालो. "उद्या घास चावला की नाही ते बघायलाही दिवा काढतील."

मी दिवे बंदच ठेवले आणि कानाने तारा लावल्या. मग म्हटलं, बघू तरी तुमची अक्कल, आणि दिवे चालू केले. जाड तारांना हिरवा लागला. बारीक तारांना लाल. पुन्हा छेडल्या. लालच.

"तुमचा दिवा बिघडलाय," मी म्हणालो.

तिने निमूटपणे दुसरी काढून दिली. तिलाही जाड तारा हिरव्या, बारीक लाल. तिसरी काढली. तीच गत.

"अख्खा लॉटच सडका आहे तुमचा," मी म्हणालो. "मालकाला सांगा."

"काका, आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही हो."

"कुणाला कान असतील तर करतील ना!"

घरी येताना मी हवेत होतो. चोर पकडला होता मी! स्वस्त का, ते कळलं होतं. दिवे खोटे बोलत होते आणि मेहुणा असला माल माझ्या गळ्यात बांधायला निघाला होता. रस्त्यातच मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं.

तालमीच्या खोलीत बायको शनिवारच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि मेहुणा कीबोर्ड पुसत होता. मी दुकानातलं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तीन गिटारी, तिन्हींचे दिवे खोटे! मला वाटलं मेहुण्याचं तोंड उतरेल, ततपप होईल. तसं काही झालं नाही. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"बोला की आता!" मी ओरडलो. "थांबा, सोक्षमोक्षच लावू." मी तांबडी काढली, अँप्लिफायरला जोडली, तारा लावल्या. "लाव तुझा कीबोर्ड. बारीक तारेचा सूर दे. आमनेसामने होऊन जाऊ दे."

त्याने कीबोर्ड चालू केला. आणि पट्टी दाबायच्या आधी त्याचा डावा हात वरच्या एका बटणाकडे गेला आणि ते बटण त्याने टकटक दाबलं. इतक्या सवयीने, की एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. पण मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

"काय दाबलंस?"

"काही नाही, भाऊजी."

"काही नाही कसं? माझ्या डोळ्यांदेखत दाबलंस. काय केलंस ते आधीसारखं कर."

त्याने बोट बटणावरच ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आधीसारखं म्हणजे कसं? तुमच्याशी जुळेल असं, की मुळात असतं तसं?"

"मुळात असतं तसं!" मी गुर्मीतच म्हणालो.

त्याने बटण दाबलं, पट्टी दाबली. मी तार छेडली. जुळेना.

"बघ," मी म्हणालो, "तुझा कीबोर्ड चढा आहे."

"सगळेच चढे आहेत का हो?" बायको म्हणाली. "दुकानातल्या तिन्ही गिटारी चढ्या, कीबोर्ड चढा, मी पण चढी?"

मग तिने सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून मी बारीक तारा उतरवून लावतो. पहिल्यांदा तिला वाटलं, दमलो असेन. मग रोजच व्हायला लागलं. मेहुणा कीबोर्ड जरासा उतरवून घेतो, कुठेतरी मध्यावर आणतो, आणि ती त्या मधल्या फटीत गाते. पैलवानाची झांज इतकी वर्षं माझ्या डाव्या कानाशी वाजते, त्यानेच झालं असणार, असं तिला वाटत होतं. आणि मॅनेजरचा निरोप गिटारीबद्दल नव्हताच. तो म्हणाला होता, गिटारवाल्यांना घरी बसवा, दुसरा कुणीतरी आणा, मग करार करू.

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? चिमटा आणला तर खिडकीतून फेकलात," ती म्हणाली. "हा बिचारा आठवडाभर अशी गिटार शोधत होता, की दिवे कडेला असतील, तुम्हालाच दिसतील, ऐकणाऱ्यांना दिसणार नाहीत. म्हटलं, नवीन वस्तू आहे, चार दिवस गंमत म्हणून तरी दिव्यावर लावतील."

"दुरुस्तीवाल्यालाही तुम्हीच सांगितलंत?"

"त्याला कुणी काही सांगितलं नाही," मेहुणा म्हणाला.

मी खाली बसलो. खरं सांगतो, मला भीती वाटली. माझी बोटं काही फार जलद नाहीत, चेहरा तर बघण्यासारखाही नाही. मला लोक विचारायचे ते सुरासाठी. आणि ही तार मला आत्तासुद्धा बरोबरच ऐकू येत होती. अगदी गोड.

बायको इस्त्रीचं बटण बंद करून म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन ती पांढरी घेऊन येऊ. कानाच्या डॉक्टरकडे सोमवारी जाऊ."

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो. "गिटार नको."

"पुन्हा हट्ट!"

"हट्ट नाही. दिव्याशी भांडता येत नाही मला. तो नुसता लाल होऊन बसतो." मी तांबडी मेहुण्यापुढे धरली. "घे. तू लाव."

त्याने हात पँटला पुसले आणि तिला अशी घेतली की आता तुटेल की काय. एकेक तार तो कीबोर्डशी ताडून बघायचा आणि खुंटी फिरवायचा. मी म्हणायचो, "चढली. अरे, चढली की." पहिल्या दोन तारांना त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. नंतर बघायचं सोडून दिलं आणि आपलं काम करत राहिला.

शनिवारी मॅनेजर खांबाजवळच्या टेबलावर हाताची घडी घालून बसला होता. मेहुण्याने पडद्यामागे तारा लावल्या आणि गिटार माझ्या हातात दिली. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला, पण चांगला नव्हे. वरचा प्रत्येक सूर कानात सुईसारखा टोचत होता. बोटं सारखी खुंटीकडे जात होती. मध्येच मनात आलं, ही दोघं मिळून मला फसवत तर नसतील? मॅनेजरला नकोच असेन मी, हॉलभर हसं करून मला आपोआप घरी बसवायचं असेल तर? मी बायकोकडे पाहिलं. ती डोळे मिटून गात होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती गाताना एक डोळा माझ्या हातावर ठेवून असायची, हे मला तेव्हा कळलं.

मध्यंतरात मॅनेजर उठून आमच्याकडे आला. "वा," तो म्हणाला. "शेवटी नवीन गिटार घेतलीत म्हणायची!"

मेहुणा हो म्हणणार होता, त्याने तोंड उघडलंही होतं.

"गिटार जुनीच आहे," मी म्हणालो. "मला आता बारीक तारांचा सूर कळत नाही. याने लावून दिल्या."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. मग मेहुण्याकडे वळून म्हणाला, "करार तयार ठेवतो. जाताना तुम्ही आणि हे, दोघंही सह्या करा."

तो गेला. बायको पाणी प्यायली. पैलवानाने काठ्या हातात घेतल्या. मी एकदा तार छेडून पाहिली, ती मला बेसूरच ऐकू आली.

"अरे," मी मेहुण्याच्या कानाशी म्हणालो, "लागलंय ना हे?"

"लागलंय, भाऊजी."

"नक्की?"

"नक्की."

मी मान हलवली आणि पुढचं गाणं सुरू केलं.