गुडघाभर समुद्र

मी फोनवर वैजूला म्हणालो, ‘‘अगं, मध्ये समुद्र आहे,’’ आणि समुद्र गुडघ्यापर्यंत उतरला.

आमची सामुद्रधुनी मुळातच उथळ. मोठी जहाजं तिला वळसा घालून जातात. तरी धाकट्या बहिणीला पलीकडच्या देशात देऊन मी निर्धास्त होतो. कितीही झालं तरी पाणी ते पाणी. आता तिला सातवा महिना लागला होता. आईवडील नाहीत, तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी तिला आणायला मुराळी म्हणून मीच जायचं. बायको म्हणाली, ‘‘मला नाही जमायचं कुणाचं बाळंतपण.’’ मला लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैजूला कळवलं, वारा उलटा आहे. वाळूचे पट्टे उघडे पडले. मग सांगितलं, होडी मिळत नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि पलीकडचा किनारा सरकत सरकत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला. बायका चपला हातात घेऊन तिकडची भाजी आणू लागल्या. शेजारचे डोईफोडेकाका खुर्ची टाकून बसले.

‘‘काय हो, मुराळी कधी निघणार?’’

‘‘भरती येऊ द्या,’’ मी म्हणालो. ‘‘ओहोटीत होडी रुतते.’’

उरलंसुरलं पाणीही आटलं.

दार उघडलं तर पलीकडचा देश समोर होता आणि त्याच्या काठावर वैजू उभी होती, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. पाय सुजलेले. आमच्या दोघांत अंगणाएवढी कोरडी वाळू. ती चालत माझ्यापर्यंत आली.

‘‘दादा, येऊ का आत?’’

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि मी म्हणालो, ‘‘पाणी फार खोल आहे गं.’’

वैजूनं खाली वाळूकडे पाहिलं. मग काकांकडे.

‘‘हो रे,’’ ती त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘खोलच आहे. तू नको उतरूस.’’

तिनं पिशवी डोक्यावर घेतली, निऱ्या वर धरल्या आणि कोरड्या वाळूत पायानं चाचपडत परत निघाली. मधोमध पोचल्यावर तिनं हनुवटी वर उचलली, नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून.