डावीकडची खुर्ची

"बस की रे आसिफ, उभा काहून?" अनुश्रीची आई, गंगूताई, म्हणाल्या.

"न्हाई काकू. बसायला न्हाई आलो."

त्यानं बूटही काढले नाहीत. शिरड शहापूरच्या या अंगणात तो कितीदा तरी जेवून गेला होता. शेजारच्या कुरुंदा गावचा पोरगा, अनुश्रीबरोबर एकाच विमान कंपनीत पायलट. आज मात्र तो पायलटांच्या संघटनेचा माणूस म्हणून आला होता.

"अनू, उद्या तू विमान उडवून राहिली म्हणे. खरं का?"

त्यांच्याबरोबरची पायलट नाहिद एकामागून एक फेऱ्या करून दमली होती. "आता उडवणं बरं नाही," एवढंच ती म्हणाली, तर कंपनीनं तिला काढून टाकलं. तिला परत घेईपर्यंत कुणीच उडवायचं नाही, असं सगळ्या पायलटांनी हात वर करून ठरवलं होतं. त्यात अनुश्रीचाही हात होता.

"हिला कॅप्टन करून राहिले कंपनीवाले!" वडील, सूर्यकांत, खुर्चीतून उठले. "अन् तुमी संप घेऊन बसा. समोरची कंपनी नांदेडचा मार्ग गिळायला टपली आहे. मग सगळेच घरी बसाल."

"नाहिद बसलीच आहे घरी, काका."

"मग बाजार बंदच्या दिवशी करतात तसं करा ना. शटर अर्धं खाली, आत गिऱ्हाईक चालू."

आसिफ हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "विमानाला शटर नसतं, काका."

"हात वर केला होतास ना गं?" गंगूताई हळूच म्हणाल्या. "तो देवापुढं केल्यासारखाच असतो."

"तू गप बस," सूर्यकांत म्हणाले.

आसिफ अनुश्रीकडे वळला. "उडव. पन मग आपली ओळख न्हाई."

तिनं उडवलं. तिच्यामागून आणखी दोघं गेले, मग रांगच लागली. संप मोडला. नाहिदला कुणी परत बोलावलं नाही.

पुढं एकदा दोघांची ड्युटी एकत्र लागली. कॅप्टनच्या, म्हणजे डावीकडच्या, खुर्चीत अनुश्री, उजवीकडे आसिफ. कॉकपिटमध्ये अबोला धरता येत नाही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, तेव्हा कुठं विमान जागचं हलतं. आसिफ एकेक बाब खणखणीत आवाजात विचारायचा. त्यापलीकडे चकार शब्द नाही.

"सिद्धेश्वरचं धरण बघ, भरलंय," ती एकदा म्हणाली.

"पुढची चेकलिस्ट, कॅप्टन."

दिवसाच्या शेवटच्या फेरीत उतरताना त्यानं वेगाचा आकडा सांगितला, तो तिला ऐकूच आला नाही. त्याला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. विमान नांदेडला टेकलं.

शिडी लागताच कंपनीचा रतनसिंग वर धावत आला. "मॅडम, समोरच्यांची फ्लाइट रद्द झाली! त्यांचे पॅसेंजर आपण घेऊन राहिलो. अजून एक फेरी मारा. साहेब म्हणाले, आज त्यांचं नाक कापायचं."

अनुश्रीनं आसिफकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस?"

"खुर्ची तुमची आहे."

तिनं पट्टा सोडला. "रतनसिंग, मी थकले आहे. उडवणार नाही."

"मॅडम, असं बोलू नका. नाहिद मॅडमचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. साहेबांना सांग."

आसिफनं बॅग उचलली. दारात तो क्षणभर थांबला. "हे तवा म्हणायचं होतं," तो म्हणाला आणि शिडी उतरून गेला.

पायलटांची गाडी फाटकाशी उभी होती. ती पोचायच्या आत आतून दार ओढलं गेलं आणि गाडी निघाली. मग ती बाहेरच्या बाकावर बसली. फोन वाजू लागला, आधी साहेबांचा, मग बाबांचा. तोवर तिची मान कलली होती.

"ओ मॅडम, इथं झोपू नका," पहारेकरी पुढं झाला.

झाडू मारणाऱ्या मिराबाईनं त्याला हातानंच अडवलं. "ऱ्हाऊ दे रे. किती दमलंय लेकरू."

खांद्यांवरच्या सोनेरी पट्ट्यांवर झाडाचा पाला पडत होता. मांडीवर फोन थरथरत होता. अनुश्रीला जाग आली नाही.